टोचनची गाडी घेताय? फोर-बाय-फोरवर पैसे टाकण्याआधी हे वाचा

पावसाळा जवळ आला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुतेक वेळा गॅरेजमध्ये आठ-दहा वर्षं हात काळे केलेला तरुण असतो. उस्तादाकडे काम शिकून झालेलं असतं, लग्न ठरलेलं असतं किंवा नुकतंच झालेलं असतं, आणि आता स्वतःचं काहीतरी उभं करायचं असतं. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचा धंदा त्याला जवळचा वाटतो. गाडी ओढून आणली की ती दुरुस्तीलाही आपल्याच दारात येते, हा त्याचा हिशेब चुकीचा नाही. थोडे पैसे साठलेले असतात, थोडे अब्बांनी शेताचा तुकडा विकून द्यायची तयारी दाखवलेली असते, कधी अम्मीचे दागिनेही मोजणीत आलेले असतात. आणि मग प्रश्न येतो: "टोचनसाठी पिकअप घ्यायची आहे. साधी घेऊ, की फोर-बाय-फोर?"

दोन्हींच्या किमतीत काही लाखांचा फरक पडतो. तो फरक ज्यांच्या घरातून निघणार आहे, त्यांच्यासाठी हा शौकाचा विषय नाही. म्हणून यवतमाळ जिल्ह्यातले रस्ते, माती आणि इथलं काम डोळ्यांसमोर ठेवून आम्ही ही मांडणी करत आहोत.

आधी शब्द नीट समजून घेऊ

गाडीला चाकं चार असतात, पण इंजिनाची ताकद सगळ्या चाकांपर्यंत पोहोचतेच असं नाही. साध्या पिकअपमध्ये ती लांब शाफ्टने मागच्या हाऊजिंगला जाते आणि फक्त मागची चाकं गाडी ढकलतात. पुढची चाकं वळण्यापुरती. याला फोर-बाय-टू म्हणतात. फोर-बाय-फोरमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, ट्रान्सफर केस. तिच्यातून एक शाफ्ट मागे जातो आणि दुसरा पुढे. लिव्हर किंवा बटन टाकलं की चारही चाकं ओढायला लागतात.

आपल्याकडे ट्रॅक्टरमुळे हे सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पुढच्या चाकांनाही ताकद असलेला ट्रॅक्टर चिखलणीत कसा चालतो, हे गावातल्या पोरालाही ठाऊक असतं. आणि तोच ट्रॅक्टर पुढचं गिअर टाकलेलं ठेवून डांबरावर पळवला तर पुढचे टायर किती लवकर घासतात, हेही शेतकऱ्याला ठाऊक असतं. पिकअपची गोष्ट याहून फार वेगळी नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज

"फोर-बाय-फोर जास्त वजन ओढते." हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे की ते खरंच वाटायला लागतं. इंजिन तेच असेल तर ताकदही तीच असते. चारही चाकांना जोडल्याने इंजिनाची ताकद वाढत नाही. वाढते ती जमिनीवरची पकड वापरण्याची क्षमता. ओढायला दोन गोष्टी लागतात, इंजिनाची ताकद आणि टायरची पकड. डांबरी रस्त्यावर पकड भरपूर असते, तिथे कमी पडलं तर इंजिन किंवा क्लच कमी पडतो. चिखलात इंजिन भरपूर असतं, पण चाक जागच्या जागी फिरतं. फोर-बाय-फोरचा उपयोग या दुसऱ्या जागेवर आहे.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. समजा क्रेन, साखळ्या, अवजारं धरून आपली पिकअप २,५०० किलोची आहे. त्यातलं १,५०० किलो मागच्या एक्सलवर आणि १,००० किलो पुढच्या. कोरड्या डांबरावर चांगला टायर त्याच्यावरच्या दर १०० किलो वजनामागे साधारण ७० किलोची ओढ देतो. म्हणजे फक्त मागच्या चाकांवर १,०५० किलोची ओढ मिळते.

आता गरज किती? मागे १,५०० किलोची बंद गाडी बांधली आहे. दोन्ही मिळून ४,००० किलो. सपाट डांबरावर चाकं गडगडत न्यायला ६० किलोच्या आसपास ओढ पुरते. दहा मीटरला एक मीटर चढणारा घाट असेल तर वर आणखी ४०० किलो. एकूण ४६०. आपल्याकडे १,०५० आहेत. डांबर ओलं झालं आणि पकड १०० मागे ४० वर आली, तरी ६०० उरतात. म्हणजे पावसात, घाटात, डांबरावर साधी पिकअप हे काम करते. फोर-बाय-फोर तिथे जास्तीचं काही देत नाही.

आता हीच गाडी काळ्या मातीत उतरवू.

काळ्या मातीचा हिशेब वेगळा

आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकातून तयार झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की भेगाळते. कपाशीला ती मानवते, टायरला मानवत नाही. पहिल्या दोन पावसांत ती साबणासारखी होते, नंतर गोंदासारखी. टायरच्या नक्षीत भरली की टायर गुळगुळीत चाक होऊन बसतो. कितीही नवा टायर असला तरी.

अशा ओल्या पांदणीवर १०० किलोमागे २५ किलोची पकड धरा. साध्या पिकअपच्या मागच्या चाकांना ३७५ किलोची ओढ मिळेल. चिखलात चाक रुततं, म्हणून गाडी नुसती पुढे न्यायलाच दर १०० किलोमागे १५ किलो लागतात असं मानू. एकट्या पिकअपला ३७५ लागतात. जमा आणि खर्च सारखा. मागे काहीही न बांधता ती कशीबशी निघेल किंवा तिथेच बसेल. मागे बंद गाडी असेल तर ६०० लागतील, आणि ते शक्य नाही.

फोर-बाय-फोर असेल तर पूर्ण २,५०० किलो वजन कामाला येतं, ओढ ६२५ मिळते. ६०० ची गरज जेमतेम भागली. पण त्याच पांदणीला वीस मीटरमागे एक मीटर चढ असेल तर आणखी २०० किलो लागतात, आणि फोर-बाय-फोरही थांबते. रुतलेली गाडी एक्सलपर्यंत बसली असेल तर तिला उपसायलाच कधी तिच्या वजनाच्या निम्मी ओढ लागते. तिथे दोन्ही गाड्या सारख्याच हतबल.

हे आकडे प्रत्येक ठिकाणी बदलतील, पण त्यांचा कल बदलत नाही. डांबरावर साधी गाडी पुरते. हलक्या चिखलात फोर-बाय-फोर वाचवते. खोल चिखलात चाकांच्या भरवशावर कोणीच राहू नये, तिथे विंच लागते.

वजन कुठे पडतं, ते पाहा

ओढण्याच्या पद्धतीवरही बरंच अवलंबून आहे. आपल्याकडे तीन पद्धती चालतात.

पहिली, साधं टोचन. साखळी, पट्टा किंवा लोखंडी दांडा लावून मागची गाडी तिच्या चारही चाकांवर ओढायची. यात मागच्या गाडीचं वजन आपल्या गाडीवर येत नाही. पकड आपल्या स्वतःच्या वजनाचीच.

दुसरी, बंद गाडीची दोन चाकं उचलून न्यायची. यात उचललेलं वजन आपल्या मागच्या एक्सलच्याही मागे लटकतं. समजा ६०० किलो, मागच्या एक्सलपासून सव्वा मीटर मागे. तराजूसारखं होतं: मागे दाब वाढतो, पुढची बाजू हलकी होते. आपल्या उदाहरणातल्या गाडीत पुढच्या एक्सलवरचे जवळजवळ २५० किलो कमी होतात आणि मागच्या एक्सलवरचं वजन १,५०० वरून २,३०० च्या पुढे जातं. म्हणजे ज्या चाकांना ताकद आहे त्यांनाच जास्त पकड मिळाली. साध्या गाडीचा फायदा झाला, आणि फोर-बाय-फोरच्या पुढच्या चाकांची किंमत तेवढी कमी झाली. फक्त स्टिअरिंग फार हलकं होऊ देऊ नका. पुढच्या एक्सलवर मूळ वजनाच्या निम्म्याहून कमी राहिलं तर गाडी वळणावर सरळच जाते.

तिसरी, आख्खी गाडी सपाट हौद्यावर चढवून न्यायची. हे काम पिकअपचं नाही, मोठ्या चेसिसचं आहे. वजन सगळ्या एक्सलवर वाटून पडतं आणि काम बहुतेक रस्त्यावरचंच असतं.

ट्रॉली ओढणाऱ्यांसाठीही हेच गणित. दोन चाकी ट्रॉलीचा थोडा भार हुकवर येतो, त्याने मागची चाकं दाबली जातात. ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा-पंधरा टक्के भार हुकवर असावा. मागे जास्त माल भरला की हुक वर उचलला जातो आणि ट्रॉली शेपटासारखी हलायला लागते. चार चाकी ट्रॉली स्वतःच्या पायावर उभी असते, ती हुकवर भार देत नाही.

आपल्या जिल्ह्यात फोन येतात कुठून?

गाडी घेण्याआधी जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. पांढरकवड्यावरून जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग नागपूरला हैदराबादशी जोडतो. ३६१ क्रमांकाचा महामार्ग उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब करत वर्ध्याकडे जातो. या रस्त्यांवर अवजड वाहनं रात्रंदिवस चालतात आणि बंदही पडतात. पण टोल असलेल्या राष्ट्रीय महामार्गावर क्रेनची व्यवस्था टोलवाल्याकडेच असते, प्रवासी १०३३ वर फोन करतो. आपल्या पिकअपच्या वाट्याला येतात ते बाकीचे रस्ते, शहरातल्या गल्ल्या आणि गावचे रस्ते: पुसद-दिग्रस, दारव्हा-यवतमाळ, नेर आणि बाभूळगावच्या बाजूचे. यातलं बहुतेक काम डांबरावरच आहे.

वणी, मारेगाव, झरी जामणीकडे चित्र वेगळं. कोळशाच्या खाणींमुळे तिकडे जड वाहतूक आहे, रस्त्याच्या कडा दबलेल्या असतात, पावसात कडेला उतरलेली गाडी परत वर येत नाही. उमरखेडच्या बंदी भागात जंगल आणि चढउतार आहेत. पुसदला तर चारही बाजूंनी डोंगर. आणि कापसाच्या हंगामात, दिवाळीच्या मागेपुढे, भरलेल्या गाड्या शेतातून जिनिंगकडे निघतात. परतीचा पाऊस झाला असेल तर शेत ते डांबर हा शेवटचा टप्पाच जीव काढतो.

मात्र शेतातून बाहेर काढायला गावात आधीच एक यंत्र हजर असतं: ट्रॅक्टर. त्याची चाकं मोठी, वजन जास्त, गिअर सावकाश. कोणतीही फोर-बाय-फोर पिकअप चिखलात त्याची बरोबरी करत नाही. म्हणून अनुभवी माणसं काम वाटून घेतात. पांदणीतून डांबरापर्यंत गावचा ट्रॅक्टर, डांबरापासून गॅरेजपर्यंत आपली गाडी. ट्रॅक्टरवाल्याची मजुरी ग्राहकाला आधी सांगितली की भांडण होत नाही. आमच्या ओळखीच्या एका जुन्या उस्तादांचं यावर सरळ म्हणणं आहे, "काहून बेटा, महिन्यातून दोनदा चिखलात जायसाठी रोजचं डिझेल वाढवतं?"

मग फोर-बाय-फोर कशासाठी?

उस्तादांचं म्हणणं बहुतेकांना लागू पडतं, सगळ्यांना नाही. फोर-बाय-फोरची एक गोष्ट मात्र फार कमी लोक मोजतात: लो गिअर. ट्रान्सफर केसमध्ये बहुधा एक सावकाश चालणारा टप्पा असतो. तो टाकला की चाकावरची ताकद साधारण अडीच पट होते आणि वेग तेवढाच उतरतो. चढावर भरलेला भार जागेवरून हलवताना साध्या गाडीत क्लच अर्धवट सोडून ठेवावा लागतो आणि जळका वास येतो. लो गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून गाडी मुंगीच्या पावलाने निघते. उतरतानाही इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. घाटातलं आणि खाणीच्या बाजूचं काम रोजचं असेल तर क्लचप्लेटचा वाचलेला खर्च हिशेबात धरला पाहिजे.

बाकी बाजूही पाहा. फोर-बाय-फोरमध्ये पुढचं हाऊजिंग, ट्रान्सफर केस, दुसरा शाफ्ट, पुढचे जॉइंट हे सगळं जास्तीचं वजन आहे, आणि ते चिखलात न उतरताही रोज सोबत फिरतं. डिझेल थोडं जास्त लागतं. तीन ठिकाणी तेल बदलायचं. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले ठेवायचे. पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही, नागपूरहून मागवताना गाडी दोन दिवस उभी राहते. ते दोन दिवस कमाईचे असतात.

एक चूक तर नवीन माणूस हटकून करतो. ज्या गाडीत गरजेपुरतंच फोर-व्हील लावता येतं, ती डांबरावर फोर-व्हीलमध्येच चालवतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधलेला असल्याने हा फरक कुठेतरी निघावा लागतो. मातीत चाक थोडं घसरून तो निघून जातो. डांबरावर चाक घसरत नाही, मग पीळ गिअरांत साठतो, स्टिअरिंग जड होतं आणि शेवटी महागडा पार्ट तुटतो. चिखल संपला, लिव्हर काढा. ही सवयच पाहिजे.

ब्रेकबद्दलही गैरसमज आहे. फोर-बाय-फोर लवकर थांबते असं नाही. ब्रेक दोन्ही गाड्यांच्या चारही चाकांना असतात.

पुरात कोणतीच गाडी फोर-बाय-फोर नसते

हे वेगळं लिहायचं कारण आहे. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर, पुलावरून पाणी वाहत असताना नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी बस वाहून गेली आणि माणसं दगावली. २२ जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातलं आनंदनगर पाण्याने वेढलं गेलं, लोकांच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टर मागवावं लागलं. एवढी मोठी एसटी जिथे टिकली नाही तिथे पिकअपची काय कथा.

वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी सरकू शकते, दोन फुटांत बहुतेक गाड्या उचलल्या जातात. चाक जमिनीवर टेकलेलंच नसेल तर ताकद दोन चाकांना आहे की चार, याला काही अर्थ उरत नाही. पलीकडे अडकलेला ग्राहक फोनवर कितीही गयावया करो, पैसे दुप्पट देतो म्हणो, पुलावर पाणी असेल तर थांबायचं. माणसं अडकली असतील तर ११२ ला कळवा. फोर-बाय-फोर घेतल्यावर अंगात येणारी हिंमत हा तिचा सगळ्यात महागडा तोटा आहे.

त्याच पैशात आधी काय घ्यावं

साधी गाडी घेऊन वाचलेल्या पैशातून चार गोष्टी नीट घेतल्या तर कामात मोठा फरक पडतो.

पहिली गोष्ट टायर. खोल नक्षीचे, चांगले टायर. घासलेल्या टायरची फोर-बाय-फोर चिखलात चार चाकं फिरवते, एवढाच फरक.

दुसरी विंच. विंच टायरच्या पकडीवर अवलंबून नसते. आपली गाडी डांबरावर उभी करा, चाकांना दगड लावा, पुढे मजबूत झाड असेल तर त्याला बांधा, आणि रुतलेली गाडी तारेने ओढा. मध्ये एक कप्पी टाकली की ओढ जवळजवळ दुप्पट होते, वेग निम्मा. पांदणीत न उतरता काम होतं. तार ताणलेली असताना तिच्या रेषेत कोणी उभं राहू नये, तारेवर जाड गोणपाट टाकावं. तुटलेली तार माणसाचा पाय नेते.

तिसरी, दर्जेदार पट्टे, शॅकल आणि एक दांडा. हुक नेहमी गाडीच्या दिलेल्या जागीच लावायचा, बंपरला नाही.

चौथी, मागच्या हाऊजिंगचं लॉक मिळत असेल तर ते. साध्या गाडीत एक चाक चिखलात फिरलं की दुसरं गप्प बसतं. लॉक असेल तर दोन्ही चाकं ओढतात आणि बऱ्याच वेळा फोर-बाय-फोरची उणीव भासत नाही.

ग्राहकाची गाडी ही अमानत आहे

आपली गाडी कोणती, याइतकंच समोरची कोणती हेही पाहायला हवं. आजच्या बहुतेक छोट्या कारमध्ये पुढची चाकं ओढतात. त्या पुढून उचलायच्या. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांत मागची चाकं ओढतात, त्या मागून उचला किंवा लांब न्यायच्या असतील तर शाफ्ट सोडा. ऑटोमॅटिक गिअरची गाडी ताकद असलेल्या चाकांवर ओढली तर गिअरबॉक्सला तेल मिळत नाही आणि तो जळतो. कायम चारही चाकांवर चालणारी आणि विजेवरची गाडी हौद्यावर चढवूनच न्या. टोचनचे थोडे पैसे मिळवायला जाऊन दुसऱ्याच्या गाडीचं मोठं नुकसान झालं तर त्याचा जबाब आपल्यालाच द्यायचा आहे.

साखळीने ओढताना कायदाही लक्षात ठेवा. दोन गाड्यांमध्ये पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर परवाना असलेला माणूस, आणि मागे 'ऑन टो' असा ठळक फलक. मागच्या गाडीचं इंजिन बंद असल्याने तिचं स्टिअरिंग आणि ब्रेक दगडासारखे जड होतात, हे त्या माणसाला आधी सांगा. चावी काढून घेऊ नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. आपल्या पिकअपवर क्रेन बसवली तर तो बदल आरटीओत नोंदवून घ्या. विम्याच्या कागदावर धंद्याचा वापर लिहिलेला आहे का आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीचं नुकसान त्यात येतं का, हे सही करण्याआधी वाचा.

आणि दर. रात्री बारा वाजता बायका-पोरांसह रस्त्यावर अडकलेल्या माणसाकडून कितीही पैसे निघतात. काढू नयेत. किलोमीटरचा दर आणि रात्रीचा जादा दर फोनवरच सांगा. या धंद्यात पुढचा फोन जुन्या ग्राहकाच्या तोंडूनच येतो.

थोडं फोर-बाय-फोरच्या रुबाबाबद्दल

फोर-बाय-फोरचा दबदबा आपल्याकडे लष्करी गाड्यांपासून आला. जबलपूरच्या कारखान्यातले शक्तिमान ट्रक सैन्यातून निघाल्यावर कित्येक ठिकाणी क्रेन म्हणून राबले. जीपची गोष्ट तर घराघरात. तिच्या भारतातल्या कंपनीबद्दल एक गोष्ट आजच्या पोरांना क्वचितच माहीत असते: १९४५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं. भागीदार मलिक गुलाम मुहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. इतिहास मोठा आहे, पण हप्ता इतिहासातून भरला जात नाही.

निर्णय कसा घ्यायचा

गाडी घेण्याआधी एक पावसाळा वही ठेवा. उस्तादांच्या गॅरेजला येणारा टोचनचा प्रत्येक फोन लिहा: कुठून आला, डांबरावर होता की मातीत, चढ होता का, गाडी कोणती होती. दहातले आठ-नऊ फोन डांबरावरचे असतील तर साधी पिकअप, चांगले टायर आणि विंच घ्या. दहातले तीन-चार फोन खाण, जंगल, शेत किंवा कच्च्या घाटातले असतील, आणि ते काम वर्षभर मिळणार असेल, तर फोर-बाय-फोर आपली किंमत काढेल. मधल्या माणसाने जुनी पण सुस्थितीतली फोर-बाय-फोर पाहावी. घेताना रिकाम्या मैदानात लिव्हर टाकून पाहा, पुढचं चाक खरंच ओढतं का, लो गिअर बसतो का, पुढच्या जॉइंटची रबरं फाटलेली आहेत का. कित्येक जुन्या गाड्यांत 'फोर-बाय-फोर' फक्त मागच्या फाळक्यावर लिहिलेलं असतं.

पैशांचं शेवटी. आपल्यातले बरेच जण व्याजापासून लांब राहू पाहतात, आणि म्हणूनच घरातले, नात्यातले पैसे उभे करतात. मग तर किमतीतला हा फरक जास्तच जपून खर्च करायला हवा. राज्याचं मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे, त्याच्या योजनांची चौकशी करा आणि अटी स्वतः वाचा. घरच्या घरी पैसे घेतले तरी कागद करा. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलं आहे. कोणी किती दिले, ते भागीदार आहेत की उसने देणारे, गाडी विकली तर कोणाला काय. गाड्या दुरुस्त होतात, या कारणाने तुटलेली घरं लवकर जुळत नाहीत.

आमचं मत विचाराल तर यवतमाळ, पुसद, दारव्हा, दिग्रस, नेर या गावांत बसून धंदा करणाऱ्याला साधी गाडी पुरते. वणी-झरीच्या बाजूला किंवा बंदी भागात रोज जाणाऱ्याने फोर-बाय-फोरचा विचार जरूर करावा. अब्बांचा शेताचा तुकडा विकायचाच असेल, तर त्याआधी ती वही त्यांच्यासमोर उघडून ठेवा.